पंगतीतील प्रश्न

(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवातील विचारगोष्ठीत केलेले भाषण)



मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका मुलीने ‘व्यक्तीचा विकास आणि समाज’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली, तेव्हा आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. या मठाच्या सेवेत ज्यांचे केस पांढरे झाले असे कित्येक जण या सभेत बसले आहेत. आणि माझी शिदोरी म्हणजे दोन-तीन वर्षांत वाचलेली पुस्तके व एका विषयात नापास झाल्याची गुणपत्रिका. त्या गुणपत्रिकेची हकीकत पुढे येईलच, कारण तिच्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला फारसा अधिकार पोहोचत नाही.

आमचे घर भालकी तालुक्यातले. आई कानडी बोलते, वडील मराठी बोलतात, आणि भांडण झाले म्हणजे दोघेही हिंदीचा आश्रय घेतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. नात्यागोत्याची माणसे मात्र दोन्हीकडे राहिली. त्यामुळे आमच्याकडे एकाच देव्हाऱ्यासमोर सकाळी कानडी वचने म्हटली जातात आणि श्रावणात मन्मथस्वामींच्या मराठी ‘परमरहस्या’चे पारायणही होते. हे सांगण्याचे कारण असे की, कानडीत ‘अनुभव’ आणि ‘अनुभाव’ असे दोन निराळे शब्द आहेत. पहिला रोजच्या जगण्यात येतो तो. दुसरा अंतरंगात उमटतो तो. मराठीत आपण बहुधा एकाच शब्दावर दोन्ही कामे भागवतो. मी विद्यापीठात गेले ती पहिल्याचा अभ्यास करण्यासाठी. दुसऱ्याचा प्रश्न तेथे परीक्षेला येत नाही.

आपल्या देशात मानसशास्त्राचा पहिला विभाग १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला, आणि त्यानंतर आठ वर्षांनी, १९२४ साली, म्हैसूर विद्यापीठात. म्हैसूरच्या विभागाचे आद्य प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडनला शिकून आले होते. याच गृहस्थांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी खासगी नभोवाणी केंद्र उभे केले आणि ‘आकाशवाणी’ हे नाव त्यातून रूढ झाले, हे ऐकून वर्गात मला मोठी मौज वाटली होती. मनाचा अभ्यास करणाऱ्या मनुष्याला शेवटी दूरच्या माणसांशी बोलावेसे वाटले! असो.

या शास्त्रात ‘व्यक्तिविकास’ म्हणताच सर्वप्रथम नाव निघते ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांचे. १९४३ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी मनुष्याच्या गरजांची चढती श्रेणी मांडली: आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग प्रेम व आपलेपणा, मग मान, आणि शेवटी अंगच्या सर्व शक्ती फुलून येणे. पाठ्यपुस्तकांत ही श्रेणी एका त्रिकोणाच्या रूपाने काढलेली असते. गंमत अशी की, त्या मूळ निबंधात त्रिकोण नाहीच. तो पुढे इतरांनी काढला. तो त्रिकोण पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपल्या षट्स्थलांची आठवण होणे स्वाभाविकच होते. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य या पायऱ्या लहानपणापासून कानांवर पडलेल्या. मी उत्साहाने वहीच्या एका पानावर दोन शिड्या शेजारी शेजारी काढल्या आणि आपल्या पूर्वजांनी आठशे वर्षांपूर्वीच हे सर्व सांगून ठेवले होते, असे खाली लिहूनही टाकले.

ते पान पुढे मी फाडले. कारण त्या दोन शिड्या एक नव्हेत. पुस्तकातल्या त्रिकोणाच्या टोकावर एकच माणूस मावतो. तेथे आपलेपणा ही मधली पायरी आहे. तिच्यावर पाय देऊन वर जायचे असते. (स्वतः मॅस्लो यांनाही आयुष्याच्या अखेरीस ‘स्व’च्या पलीकडे काही आहे असे वाटू लागले होते, पण तो भाग पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो.) शरणांच्या मार्गात मात्र जंगम आणि दासोह हे पहिल्या स्थलापासून शेवटच्या स्थलापर्यंत बरोबर चालतात. तेथे माणसे मागे टाकून वर जाता येत नाही.

मग याच्या उलट टोकाला जाऊन व्यक्ती म्हणजे काहीच नाही, समाज हेच सर्व, असे म्हणावे काय? एक लहानसा प्रसंग सांगते. १९५४ साली कून आणि मॅक्पार्टलंड या दोन संशोधकांनी एक साधी चाचणी तयार केली. वीस रिकाम्या रेघा द्यायच्या आणि ‘मी कोण?’ या प्रश्नाची वीस उत्तरे लिहायला सांगायची. अभ्यासाचा सराव म्हणून मी ती आमच्या गल्लीतल्या काही बायकांना दिली. एकीने सांगितले: अमक्याची आई, तमक्याची सून, अमक्या घरची लेक. चौथ्या रेघेवर ती थांबली. बराच वेळ विचार करून म्हणाली, “बाकीच्या रेघा तूच भर गं, तुला ठाऊक आहे की सगळं.”

हा प्रसंग मी वर्गात सांगितला तेव्हा दोन मते पडली. काहींना वाटले, बिचारीचा ‘स्व’ खुंटलेला आहे. काहींना वाटले, आपल्याकडचा ‘स्व’ नात्यांतच नांदतो आणि यातच आपले वैभव आहे. मला दोन्ही मते पटली नाहीत, पण उत्तरही सुचले नाही. उत्तराची दिशा सापडली ती बाराव्या शतकातल्या दुसऱ्या एका गरीब बाईच्या कथेत.

आयदक्की लक्कम्मा आणि मारय्या ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक आणि त्यावर त्यांचा दासोह. एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने ते पाहिले आणि विचारले, हे इतके कशाला? ही हाव कोठून आली? आणि अधिकचे तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास तिने नवऱ्याला सांगितले. ही कथा आपण निर्लोभतेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु मला तिच्यातली बाई महत्त्वाची वाटते. लक्कम्माला कोणी ‘तू कोण?’ म्हणून विचारले असते तर तिनेही बहुधा ‘मारय्याची बायको’ असेच प्रथम सांगितले असते. तथापि त्या नात्यात राहूनच तिने प्रश्न विचारला. नाते तिचे तोंड बांधीत नव्हते. अशी बाई ज्या समाजात घडली, त्या समाजाची घडण कशी होती, हा मानसशास्त्राचा फार मोठा विषय आहे असे मी मानते.

ती घडण म्हणजे कल्याणचा अनुभव मंटप. तेथील संवाद आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः ‘शून्यसंपादने’ या ग्रंथातून, आणि त्याचे संकलन पंधराव्या शतकातले. म्हणजे शरणांच्या काळानंतर सुमारे तीनशे वर्षांचे. तेव्हा त्यातील प्रत्येक शब्द जसाच्या तसा उच्चारला गेला होता, असा आग्रह इतिहासाची माणसे धरू देणार नाहीत आणि मीही धरीत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तीनशे वर्षांनी जेव्हा परंपरेने आपल्या आठवणी एकत्र केल्या, तेव्हा त्या चमत्कारांच्या यादीसारख्या केल्या नाहीत, प्रश्नोत्तरांच्या रूपाने केल्या. ज्या समाजाला आपला सुवर्णकाळ आठवताना वादसंवाद आठवतो, त्याच्या मनाची ठेवण निराळी असली पाहिजे.

आणि प्रश्न तरी कसे! अक्कमहादेवी घरदार सोडून, केशसंभाराने अंग झाकून कल्याणला आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला लगेच आसन दिले नाही. सर्वस्व सोडलेस म्हणतेस, मग हे केसांचे आवरण कशाला, अशा आशयाचा कठोर प्रश्न भरसभेत केला. ती उत्तर देत गेली. ती परकी ठरली नाही, आणि प्रश्न विचारला म्हणून अल्लमप्रभू तिचे वैरी ठरले नाहीत. शेवटी सर्वांनी तिला ‘अक्का’ म्हटले.

सिद्धरामांची कथा तर आम्हां मराठी बोलणाऱ्यांना अधिकच जवळची. सोलापूरचे, म्हणजे त्या वेळच्या सोन्नलिगेचे, सिद्धराम हे तळी खोदणारे, देवळे बांधणारे लोकसेवक. आजही संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा सारे सोलापूर रस्त्यावर येते. अशा थोर पुरुषाच्या कामावर अल्लमप्रभू आले आणि त्यांनी त्याला दगडमाती उपसणारा वड्डर म्हणून हिणवले. मजूर चिडले, दगड फेकू लागले, सिद्धरामही संतापले. त्या संतापातच प्रभूंच्या प्रश्नाचे उत्तर होते: इतके मोठे लोकहित करणाऱ्याला एक शब्द सहन होत नाही, तर हे काम कोणासाठी चालले आहे? पुढे सिद्धराम कल्याणला गेले आणि परंपरा सांगते की, वयाने आपल्यापेक्षा लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली. त्यांनी तळी खोदणे वाईट ठरवले नाही. पण तळे खोदणारा सिद्धराम त्या दिवसानंतर पूर्वीचा राहिला नाही. बसवकल्याणला नव्या भव्य अनुभव मंटपाची पायाभरणी २०२१ साली झाली, आणि त्याला सातशे सत्तर खांब योजले आहेत असे वाचले. आनंद वाटला, आणि सिद्धरामांची गोष्टही आठवली, ती लपवीत नाही.

आता गुणपत्रिकेकडे येते.

पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षी मी सांख्यिकी या विषयात नापास झाले. मानसशास्त्राला आकडेमोड असते हे पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही पुरेसे ठाऊक नव्हते. त्याआधी दर अमावास्येला मठात येणारी मी, त्यानंतर आठ महिने या उंबऱ्यावर आले नाही. श्रीमठाने मला काही दूर लोटले नव्हते. परंतु पंगतीत बसले की शेजारच्या बाई विचारणार, “निकाल लागला का गं?” वाढणारे काका विचारणार, “कितवी आलीस?” हे सारे प्रेमाने, यात शंका नाही. पण त्या प्रेमाला तोंड देण्यापेक्षा उपाशी राहणे मला सोपे वाटले.

आठ महिन्यांनी आईने श्रावणात बळेच आणले. मी पंगतीकडे न जाता मागच्या दाराने कोठीघरात शिरले. तेथे ज्या आजीबाईंना आपण सर्व ‘अव्वा’ म्हणतो, त्या ज्वारी निवडीत होत्या. त्यांनी वर पाहिले, एक सूप माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, “बस. खडे बारीक हायेत, मान खाली घालून निवडावं लागंल.” मान खाली घालायला सबब मिळाली म्हणून मी बसले. अर्धा तास कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी हातातले काम न थांबवता विचारले, “तुला लाज कशाची वाटली गं? नापास झालीस त्याची, का लोकांनी बघितलं त्याची?”

मला उत्तर देता आले नाही. त्या म्हणाल्या, “बघ इचार करून. दोन्हीचं औषध येगळं हाय.”

पुढे त्याच वर्षी अभ्यासात हेलन ब्लॉक लुईस या विदुषीचे १९७१ सालचे विवेचन वाचनात आले. अपराधाची टोचणी एखाद्या कृतीभोवती असते, ‘मी हे चुकीचे केले’ अशी. लाज मात्र सगळ्या माणसालाच वेढते, ‘मीच वाईट’ अशी. टोचणी लागलेला मनुष्य चूक दुरुस्त करायला धावतो. लाजलेला मनुष्य लपायला जागा शोधतो. पुस्तक वाचून मी बराच वेळ तशीच बसले, कारण अव्वांनी हे मला सूप हातात देऊन शिकवले होते, आणि त्यांना अक्षरओळख बेताचीच आहे.

यावरून जे मला कळले ते असे. पंगतीतल्या बाईंनी विचारले असते ती चौकशी होती. अव्वांनी विचारला तो प्रश्न होता. चौकशी विचारणाऱ्याच्या समाधानासाठी असते. प्रश्न ज्याला विचारला त्याच्यासाठी असतो. चौकशी माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवते. प्रश्न त्याला आत घेऊन, हाताला काम देऊन, मग विचारला जातो. अल्लमप्रभूंचे प्रश्न अव्वांच्या प्रश्नाहून कितीतरी तीव्र होते, पण ज्याला विचारले त्याची जागा त्यांनी काढून घेतली नाही. व्यक्ती वाढते ती अशा ठिकाणी, असे माझे मत आहे. नुसत्या आपलेपणात ती वाढत नाही, सुस्तावते. आणि नुसत्या प्रश्नांनी ती मोडते.

अपयशही प्रसाद म्हणून स्वीकारावे, तेच प्रसादिस्थल, असे मला एका वडीलधाऱ्यांनी सांगितले होते. ते मला तेव्हा पटले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही पुरते पटलेले नाही. ते म्हणणारा स्वतः नापास झालेला असावा लागतो.

माझ्या या बोलण्यात श्रीमठाची उणीव दाखवण्याचा हेतू नाही. आपल्या या भागात मठ नसते तर माझ्या आजोबांच्या पिढीतली पुष्कळ मुले शिकलीच नसती. निजामी राजवटीत भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दूची पाटी लावून आत कानडी शाळा चालवली, ही गोष्ट आमच्याकडे घरोघर सांगितली जाते. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांच्या दासोहाची कीर्ती तर सर्वश्रुत आहे. पंगत आपण सांभाळली आहे. दुष्काळात सांभाळली, राज्ये बदलली तेव्हा सांभाळली. परंतु पंगतीबरोबर कल्याणात जो प्रश्न होता, तो आपण तितक्याच निष्ठेने सांभाळला आहे काय, एवढेच मला विचारावयाचे आहे. आपल्या विचारगोष्ठीत एक जण बोलतो आणि इतर ऐकतात. मीही आत्ता तेच करीत आहे.

समुदायात एका माणसाच्या खऱ्या शब्दाला किती मोल असते, हे सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात फार साध्या प्रयोगाने दाखवले. काही माणसांना एक रेघ दाखवायची आणि तीन रेघांपैकी तिच्याइतकी लांब कोणती ते विचारायचे. लहान मुलालाही सांगता येईल असे ते उत्तर. पण त्या गटात एकच मनुष्य अजाण असे. बाकीचे आधी ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. आश्चर्य असे की, अशा वेळी त्या अजाण माणसांची सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीबरोबर गेली. डोळ्यांना दिसत असताना! आणि गटात एक जरी खरे बोलणारा सोबती ठेवला, तर ही चूक एकदम पुष्कळच कमी होई. मला या प्रयोगात लक्कम्मा दिसते. सगळे ‘असू द्या, चार दाणे जास्त’ म्हणत असता एकटीने ‘हे जास्त आहे’ म्हणायचे.

एक गोष्ट मात्र भीडभाड न ठेवता सांगितली पाहिजे. आपल्यापैकी एखाद्याची झोप महिनोन्महिने उडते, अन्नावरची वासना जाते, जगणे नकोसे होते, आणि आपण त्याला सांगतो, “मन लावून सेवा कर, सारे ठीक होईल.” सेवेने पुष्कळ काही होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण माझे दुःख सांख्यिकीचे होते. प्रत्येक दुःख तसे नसते. मनाचे आजार हे आजार आहेत, त्यांना वैद्य लागतो, आणि २०१७ च्या कायद्याने तो उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर कोणीही विनामूल्य दूरध्वनी करून समुपदेशकाशी बोलू शकतो. कानडीत बोलता येते, मराठीतही. तेव्हा अशा माणसाला “दवाखान्यात जाऊन आलास का? मी बरोबर येऊ का?” असे विचारणे हाही पंगतीतलाच प्रश्न आहे. तो विचारल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

मी दुसऱ्या खेपेला सांख्यिकीत उत्तीर्ण झाले. काठावरच. मठात आले तेव्हा शेजारच्या बाईंनी निकाल विचारला आणि मी सांगितला. काही बिघडले नाही. अव्वांनी विचारलाच नाही. त्यांचा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे, आणि लाज नेमकी कशाची वाटली होती ते मला आजही नीट ठरवता आलेले नाही.

परमपूज्य स्वामीजींच्या कानांवर मी एक विनंती घातली होती व त्यांनी तिला संमती दिली, याबद्दल त्यांच्या चरणी कृतज्ञतापूर्वक वंदन करते. येत्या अमावास्येला दासोह आटोपल्यावर कोठीघराच्या ओसरीवर आम्ही काही जण बसणार आहोत. भाषण कोणाचेच नाही. ज्याला जे विचारावयाचे असेल त्याने ते कानडीत विचारावे किंवा मराठीत. अव्वा येणार आहेत. त्यांनी एकच अट घातली आहे, की रिकाम्या हातांनी कोणी बसायचे नाही. ज्वारीची दोन पोती निवडायची आहेत, ज्यांच्या घरी सूप असेल त्यांनी बरोबर आणावे.

शरणु शरणार्थी.